उलट्या अक्षरांची गाडी

माझे वडील देवराव निमगडे. वय चौऱ्याहत्तर. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात सव्वीस वर्षं टर्बाइन फिटर होते, आता दुर्गापूरच्या अंगाला बांधलेल्या घरात माझं डोकं खात राहतात. त्यांच्याकडे एक गाडी आहे. जंगलाकडची माणसं तिला ‘उलटी’ म्हणतात. हे नाव चारचौघांत घ्यायची सोय नाही. मी बँकेत नोकरी करते. एकदा साहेबांसमोर बोलून गेले, “आज बाबांनी सकाळपासून उलटी काढलीय,” तर त्यांनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. मी घेतली.

गाडी जपानी आहे, त्र्याऐंशी सालची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वेडे लोक पत्ता शोधत येतात आणि चहा मला करावा लागतो. दिसायला अगदी साधी. चार दरवाजे, चौकोनी अंग, पांढरा रंग जुना होऊन सायीसारखा झालेला. कुणाही हेडमास्तरांची वाटावी. त्या काळी ऐपतवाल्यांना दोन दारांच्या, लांब नाकाच्या गाड्या हव्या होत्या, त्यामुळे हिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण हिच्या पोटात टर्बो आहे. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, आणि मग हेडमास्तरांची ही गाडी अशी सुटते की पोटातलं पाणी हलतं. बाबांचं प्रेम बसलं ते त्यावर. “आमच्या युनिटमंदी वाफ जे काम करते, तेच हिच्यात धूर करते,” असं ते प्रत्येकाला सांगतात, कोणी विचारलेलं नसतानाही.

वीजकेंद्र उभं राहत होतं तेव्हा एका परदेशी इंजिनिअरने ती आणली होती. तो गेला, गाडी एका ठेकेदाराकडे राहिली. ठेकेदाराला तिच्यात ऐट दिसेना आणि दुरुस्ती जमेना, म्हणून त्याने ती बाबांच्या गळ्यात घातली. आई म्हणाली होती, “स्कूटर आनतो म्हंतलं, हे काय आनलं?”

पुढच्या बंपरखाली लाल रंगात इंग्रजीत ‘टर्बो’ लिहिलेलं आहे, पण उलटं, आरशात दिसतं तसं. पुढे चाललेल्या गाडीवाल्याने आपल्या आरशात पाहिलं की त्याला ते सरळ वाचता यावं आणि त्याने मुकाट्याने वाट द्यावी, म्हणून ही युक्ती. पाच अक्षरं. त्यातली टी, यू आणि ओ आरशातही तशीच राहतात. फक्त बी आणि आर फिरतात. भुताचंही असंच असतं म्हणतात. सगळा माणूस सरळ, फक्त पाय उलटे.

आमच्या घरात भूत नाही. आजोबांनी छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली, तेव्हा देवांबरोबर भुतंही घराबाहेर गेली. बाबा या बाबतीत फार कडक. लहानपणी मी अंधाराला घाबरले की बाबा मला हाताला धरून त्याच अंधारात न्यायचे आणि विचारायचे, “दाखव, कुठी हाय?”

असा हा माणूस. आणि याच माणसाने एका बाईला तेहतीस वर्षं भुतावर विश्वास ठेवू दिला. ती बाई म्हणजे कलाबाई मडावी. बाबांनी तिला एक गोष्ट सांगायला हवी होती आणि ती सांगितली नाही. ही सगळी हकिगत त्या एका न सांगितलेल्या गोष्टीची आहे.

कलाबाईचा नवरा जंगू हा गाडी गळ्यात घालणाऱ्या त्याच ठेकेदाराचा जीप ड्रायव्हर. गाव आलापल्लीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, सागाच्या जंगलात. पंधरा दिवसांनी एकदा घरी जायचा. हसरा, काळाभोर, हातात कायम विडी. लायसनवर अंगठा होता. बाबांना ते खुपलं. “अंगठा लावून माणूस गाडी चालवते, हे काय बरं हाय?” जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. आई दोघांचा डबा द्यायची. आधी मराठी, मग आकडे, मग इंग्रजी अक्षरं. बाबांची गाडी समोर उभी असायची आणि जंगू तिच्या बंपरशी उकिडवा बसून चिडायचा, “गुरुजी, हे तुमचं अक्षर मले उलटंच दिसते. मले येत नाई का याले येत नाई?”

मार्च एक्क्याण्णवमध्ये जंगू गेला. बाबांना गावी जेवायला घेऊन निघाला होता. जंगू जीपमध्ये, बाबा या गाडीत. गावापासून चार मैलांवर नाल्याचा रपटा आहे, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. तिथल्या वळणावर जीप सरळ नाल्यात गेली. मोह वेचणारी माणसं धावत आली तेव्हा त्यांना वर रस्त्यावर पांढरी गाडी दिसली, दार उघडं, आत कोणी नाही. बाबा खाली पाण्यात जंगूला जीपमधून ओढत होते. ते वर आले तेव्हा लोकांनी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, “मी मांगून आलो.”

पोलिसांनाही तेच सांगितलं. पंचनाम्यात तसंच आहे, शुद्ध मराठीत: ‘मी मागून आलो.’

आता हा शब्द मराठीत दोन तोंडांचा आहे. मागून म्हणजे नंतर, आणि मागून म्हणजे पाठीमागून. लोकांनी नंतर असा घेतला. बाबांनी तो तसा घेऊ दिला.

जंगूला घरी नेलं तेव्हा लोकांनी त्याच्या झोपड्याची भिंत पाहिली. सारवलेल्या भिंतीवर कोळशाने पाच अक्षरं काढलेली, पुन्हा पुन्हा, एकाखाली एक, सगळी उलटी. तीच पाच अक्षरं गाडीच्या तोंडावर. झालं. गाडीतल्या भुताने याला पंधरा दिवस आधी हेरलं, भिंतीवर आपली सही केली आणि रपट्यावर नेलं, असं गावाने ठरवलं. तिथून ‘उलटी’ हे नाव पडलं आणि आलापल्लीच्या बाजारापर्यंत गेलं. बाबा परत आले, गाडी शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली. त्या गावाला पुन्हा गेले नाहीत. पुढच्याच वर्षी श्रावणात मेंदूज्वराने माझी आई गेली, अंजनाबाई, अवघी अडतीस वर्षांची. मी तेरा वर्षांची होते. मग आम्ही दोघंच.

गाडी विकली नाही, रस्त्यावरही काढली नाही. पण दर रविवारी सकाळी बाबा ताडपत्री काढायचे, इंजिन सुरू करायचे, दोन-चारदा जोरात रेस द्यायचे, मग घड्याळ लावून दोन मिनिटं मंद चालू ठेवायचे आणि बंद करायचे. “गरम यंत्र एकदम थांबवू नाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वीजकेंद्रात टर्बाइन बंद केलं तरी त्याचा दांडा कितीतरी तास हळूहळू फिरवत ठेवतात, नाहीतर तो वाकतो. टर्बोचंही तसंच. आतलं चक्र लालबुंद झालेलं असतं, तेल फिरत राहिलं पाहिजे.

रेस दिली की ती गाडी शीळ घालायची. नुसती शीळ असती तर ठीक. वर चढता चढता ती मध्येच अडकायची, हुंदका आल्यासारखी, आणि मग पुढे जायची. शेजारच्या भागीरथाबाई रविवारी त्या वेळी वाळत घातलेली लुगडी आत न्यायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, “कोनी रडून राह्यलं असनं तं तिथी कपडे वाळू घालू नाई.” आमच्या गल्लीतली कुत्री मोटारींवर धावून जातात. या आवाजाला ती उठून, शेपूट पोटाशी घेऊन, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. मी खिडकी लावून घ्यायचे आणि स्वतःला सांगायचे की धुराचा त्रास होतो.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी शेडच्या फटीतून काढलेला फोटो इंटरनेटवर गेला आणि वेडे यायला लागले. या गाडीचं एक मंडळ आहे, देशभरात मिळून तीसेक माणसं. त्यातल्या बहुतेकांनी ती प्रत्यक्षात पाहिलेलीही नाही. नागपूरचा राजदीप दातांचा डॉक्टर, तो आला आणि शेडच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. मी म्हटलं, अहो, विहार नाही हे. तो म्हणाला, “ताई, जगाने हिला कधी पाहिलंच नाही हो.” आणि डोळे पुसले! नंतर त्याने सीटचा वास घेतला, चाकांमागच्या मूळच्या चिखलपट्ट्या शाबूत आहेत म्हणून फोनवर कोणाला तरी ओरडून सांगितलं, आणि बंपरखालची ती पाच अक्षरं जमिनीवर आडवा पडून पाहिली. त्याच्याबरोबर दिव्यानी यायची. तिचं नागपुरात गॅरेज आहे, बोलते कमी, हात काळे. दोघांनी वर्षभर दर सुट्टीला येऊन टायर, ब्रेक, नळ्या, सगळं नवं केलं. बाबा त्यांच्यात बसले की चाळीस वर्षांनी लहान व्हायचे. मी कुरकुर करत चहा करायचे, पण खरं सांगते, मला बरं वाटायचं.

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी बाबांनी रेस दिली आणि दिव्यानीने हात वर केला. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, “काका, हे टर्बोचं बेअरिंग आहे. आत तेल जळून कोळसा झालाय, म्हणून ती अडकते. खूप तापलेली असताना कोणीतरी एकदम बंद केलीय.”

राजदीप हसला. “काका? शक्यच नाही. हे तर घड्याळ लावतात.”

“एकदा तरी केलीय,” दिव्यानी म्हणाली. “खूप पळवून. आणि खाडकन बंद.”

बाबांनी गाडीच्या टपावर ठेवलेला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं पाहिलं, आणि तेही भर सकाळी, एका पोरीच्या साध्या वाक्याला.

दिव्यानी म्हणाली, दुसरा टर्बो मिळालाय, पुढच्या खेपेला बदलू, आवाज स्वच्छ होईल. बाबांनी मान हलवली. “बदलजा. पन त्याच्या आधी मले एका ठिकानी जायचं हाय. ह्याच आवाजानं.”

आठवड्याने आम्ही निघालो. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगा ओलांडली. राजदीप आणि दिव्यानी त्यांच्या गाडीत पुढे, मी आणि बाबा मागे. राजदीपची एकच हौस होती. ती अक्षरं चालत्या गाडीच्या आरशात, जशी वाचायला बनवलीत तशी वाचायची. बाबा वर्षभर नाही म्हणत होते. त्या दिवशी म्हणाले, “सरळ रस्त्यावर पाह्य. वळनावर नाई. वळनावर बिलकूल नाई.”

आष्टीच्या पुढे जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. मोहाखालचा पाला जाळतात त्याचा धूर झाडांमधून आडवा पसरलेला. भर दुपार, पण पाखराचाही आवाज नव्हता. गाडी शीळ घालायची, अडकायची, हुंदका द्यायची, पुढे जायची. एका ठिकाणी मोह वेचणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे पाहण्याऐवजी त्यांनी पाठ फिरवली. सगळ्यांनी, एकदम. डावीकडे पेनठाणा लागला, त्या गावांच्या देवाची जागा, मोठ्या झाडाखाली. बाबांनी वेग कमी केला. म्हणाले, “आता वळन येते.”

राजदीपची गाडी वळणाशी पोचली आणि वळली नाही. हळूहळू, अगदी हळूहळू, डावीकडे सरकत रस्त्याच्या कडेकडे चालली, जशी झोपलेल्या माणसाची मान कलते. बाबांनी हॉर्नवर हात दाबून धरला. काही फरक नाही. पुढे रपटा दिसत होता. तेव्हा बाबांनी करकचून ब्रेक मारला आणि आमची गाडी मागे पडली, इतकी मागे की त्याच्या आरशातून अक्षरं निघून गेली. त्याच क्षणी राजदीपची गाडी झटका खाऊन रस्त्यावर परत आली आणि थांबली.

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पूर्ण दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं. मग बंद केलं. मी तोवर त्यांना तीनदा हाक मारली होती, त्यांना ऐकू आली नाही.

राजदीप उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काका, सॉरी. मी एक नजर टाकली फक्त, मग ती निघेचना.” तो दिव्यानीकडे वळला. “आणि तू कशाला वाचत होतीस मोठ्याने?”

“मी कुठे? तू वाचत होतास.”

“मी तोंड उघडलं नाही.”

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. बाबांनी विचारलं, “काय वाचलं?”

“एकेक अक्षर,” दिव्यानी म्हणाली. “लहान मूल वाचतं तसं. टी... यू... आर... आणि थांबलं.”

बाबा रस्त्याच्या कडेला मातीत बसले. मग त्यांनी सांगितलं. मला, दिव्यानीला, राजदीपला, आणि बोलताना ते पाहत मात्र नाल्याकडे होते.

त्या दिवशी सकाळी त्यांनीच जंगूला म्हटलं होतं, “आज तुही परीक्षा. तू पुढं चाल, मी मांगून येतो. आरशात पाह्य, अक्षर सरळ होते. वाचून दाखव.” जंगूने विचारलं, इतक्या लांबून तुम्हाला ऐकू कसं येईल? मग दोघांनी ठरवलं, एक अक्षर वाचलं की खिडकीतून एक बोट. जंगल लागलं. बाबा त्याच्या पाठीला लागून, गाडी तापेपर्यंत पळवत राहिले, कारण जंगू वाढत्या वेगातही वाचतोय याचा त्यांना आनंद झाला होता. खिडकीतून हात बाहेर आला. एक बोट. मग दोन. मग तीन. तिसऱ्या बोटाला वळण आलं.

“गाडी खाडकन बंद मीच केली,” बाबा म्हणाले. “तिचा आवाज मोठा होता. जंगू हाक मारते का, ते ऐकाचं होतं मले.”

मला तेव्हा त्यांचा राग आला, फार राग आला. मी म्हटलं, “आणि भूत म्हणू दिलंत तुम्ही? तुम्ही?” ते म्हणाले, “भुताच्या मांगं मी लपलो, पोरी. भूत नाई ते मले पक्कं माहीत होतं, म्हनून त्याच्या मांगं लपाले भेव वाटलं नाई.”

तीन बोटांची गोष्ट त्यांनी त्याआधी कोणालाच सांगितलेली नव्हती. तरी राजदीप आणि दिव्यानीने तिसऱ्या अक्षरापर्यंतच ऐकलं. मी कारण शोधून पाहिलं. बाबांनीही शोधलं. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही.

राजदीप आणि दिव्यानी तिथेच थांबले. आम्ही दोघं पुढे गेलो. कलाबाई अंगणात सुपात मोहाची फुलं निवडत होती. साठी ओलांडलेली, बारीक, ताठ. तिने गाडीचा आवाज ऐकला होता, तरी ती जागची हलली नव्हती. शेजारच्या घरची सून रंजीता मात्र दारात येऊन पोरं आत ओढत होती.

“देवरावभाऊ,” कलाबाई म्हणाली. “म्हातारा झाला तू.”

बाबा उभ्यानेच बोलले. बहुधा बसले असते तर बोलता आलं नसतं. “कलाबाई, मी तवा म्हंतलं होतं, मी मांगून आलो. मी मांगूनच होतो. जंगूच्या पाठीशी. गाडीत काई नाई, कवाच नव्हतं. आरशात पाहून वाच म्हनून त्याले मीच सांगितलं होतं. तो वाचून राह्यला होता. त्याच्यात गेला.”

कलाबाईने सूप खाली ठेवलं. मग उठली आणि आत गेली, आणि आम्ही तिच्या मागे. भिंत तीच होती. दर सणाला तिने सगळं घर सारवलं होतं, तेवढा तुकडा सोडून. कोळशाची अक्षरं पुसट झाली होती, पण होती.

“म्हंजे हे त्यानंच लिवलं?”

“त्यानंच. गाडीवरून पाहून पाहून गिरवलं असन.”

तिने अक्षरांवर तळहात ठेवला. “बराबर लिवलं का?”

बाबा पुढे झाले, चष्मा वर केला, वहीतपासणी करावी तसं पाहिलं. “बी जरासा वाकडा हाय,” ते म्हणाले. “बाकी सगळं बराबर हाय.”

कलाबाई रडली नाही. हसली थोडी. मला वाटलं, झालं, सुटले बाबा. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग तिचा तळहात भिंतीवरच थांबला आणि चेहरा हळूहळू बदलत गेला.

“मंग मी शिव्या कोनाले देल्या?”

“कायच्या शिव्या?” बाबांनी विचारलं.

“रोज. सकाळी उठली का या भिंतीसमोर. तो गेला त्या दिवसापासून. भूत समजून.” ती भिंतीपासून दूर सरकली. “ज्याचं हे अक्षर हाय, त्याचं घर माह्यावानी अर्धं होऊ दे. त्याच्याही घरातलं एक मानूस असंच जाऊ दे. असं म्हनत होती मी. तेहतीस वर्षं.” तिने बाबांचा हात धरला. “मले का माहीत, अक्षर तुहं होतं, तू शिकवलेलं, म्हनून! देवरावभाऊ, अंजनाबाई बरी हाय ना? डबा द्याची ती जंगूले. मार्कंड्याच्या जत्रेत भेटली होती मले, माह्या पोरीले बांगड्या घेऊन देल्या होत्या तिनं. बरी हाय ना ती?”

मी बाबांकडे पाहिलं. आयुष्यभर खोट्याचा तिटकारा असलेला माणूस, एक खोटं संपवायला इतक्या लांब आलेला. शाप-बिप काही नसतं, मेंदूज्वर डासांनी होतो, त्या वर्षी कॉलनीत चौघं दगावले होते. हे सगळं मला ठाऊक होतं. पण बाबांच्या मनगटावर त्या बाईची बोटं आवळून पांढरी पडली होती.

“बरी आहे, काकू,” मी म्हटलं. “गुडघे दुखतात, म्हणून आली नाही.”

कलाबाईने डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. “लागली नाई मंग,” ती म्हणाली. “बरं झालं, माही जीभ खोटी हाय.” तिने आईसाठी चारोळीचं गाठोडं बांधून दिलं आणि रंजीताला माझा नंबर लिहून घ्यायला लावला.

दिव्यानीने नवा टर्बो बसवला. आता गाडीची शीळ स्वच्छ आहे, कुत्री उठत नाहीत, भागीरथाबाईंची लुगडी रविवारीही बाहेर असतात. मंडळी येतात, सीटचे वास घेतात, मी चहा करते.

कलाबाई महिन्यातून एकदा रंजीताच्या फोनवरून फोन करते. पहिल्यांदा तिने विचारलं, “अंजनाबाईले दे ना जरा, दोन शब्द बोलते,” तेव्हा मी सांगितलं, झोपली आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, विहारात गेली आहे. तिसऱ्यांदा ती फार हळू आवाजात म्हणाली, “नंदिनी, खरं सांग.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आई कशी बोलायची ते मला इतकं आठवत असेल असं वाटलं नव्हतं. बत्तीस वर्षांत तो आवाज या घरात कोणी काढलेला नव्हता. “कोन? कलाबाई का वो?” मी म्हटलं. “कशी हायेस? पोरगी काय म्हनते?”

ती किती रडली, किती बोलली. तेव्हापासून दर महिन्याला आम्ही बोलतो. आईच्या गुडघ्यांवर कोणतं तेल लावायचं ते ती सांगते, मी हो म्हणते. सवयीने आता आवाज बदलावाही लागत नाही, फोन वाजला की तो आपोआप येतो, आणि कधीकधी फोन ठेवल्यावर लगेच जातही नाही. बाबा समोरच्या खुर्चीत असतात. पहिल्या वेळी मला वाटलं ते उठून जातील. ते गेले नाहीत. ते टीव्हीचा आवाज बंद करतात, डोळे मिटून ऐकत बसतात, आणि मी फोन ठेवला की म्हणतात, “आनखी थोडं बोलली असती.”